डोंगल एका बाजूला, डिस्क दुसऱ्या बाजूला
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : प्रवासातला छोटा वायरलेस माऊस

लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांनी माऊसबद्दल काय विचारायचं ते विचारा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली : पॉइंटर अडखळतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : कारखान्यांच्या लेखापरीक्षणासाठी सतत फिरतीवर असतो. लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायरलेस माऊस अडखळतो, काढली की सुरळीत. दुकानदार म्हणाला माऊस खराब आहे. नवा घेतला, तरी तेच. (पलूस)

उत्तर : दोन्ही माऊस निर्दोष आहेत. भांडण आहे ते डिस्क आणि डोंगल (माऊसचा सिग्नल पकडणारा, यूएसबी खाचेत लावायचा छोटा तुकडा) यांच्यात.

डोंगलवाला माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. यूएसबी ३ ची डिस्क सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने माहिती ढकलत असते आणि त्या धांदलीत तिची वायर व तिचा जोड नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर टाकतात. इंटेलने यावर २०१२ साली तांत्रिक टिपणच काढलं होतं, म्हणजे ही गोष्ट नवी नाही; काउंटरपर्यंत मात्र अजून पोचलेली दिसत नाही. तुमचा डोंगल डिस्कच्या शेजारच्याच खाचेत असणार. बाजूला ढोल वाजत असताना कुणी हळू आवाजात निरोप सांगावा, तशी त्याची अवस्था होते. काही निरोप हरवतात, आणि आपल्याला पॉइंटर उड्या मारताना दिसतो.

उपाय पैसे न खर्चता सुरू करा. डिस्क लॅपटॉपच्या डाव्या बाजूला लावा, डोंगल उजव्या. डावखुरे असाल तर उलट. डोंगल माऊसच्या हाताकडेच हवा, कारण मध्ये लॅपटॉपचा सांगाडा आणि धातू आला की सिग्नल आणखी पडतो. एखादी खाच यूएसबी २ ची असेल (आतली पट्टी बहुधा काळी, यूएसबी ३ ची निळी असते किंवा बाहेर 'एसएस' अशी खूण असते), तर डोंगल तिथे लावा. माऊसला वेग लागत नाही.

दोनच खाचा आणि त्याही शेजारी शेजारी असतील, तर १५ ते ३० सेंटिमीटरची यूएसबी २ ची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल तिच्या टोकाला लावून माऊसजवळ टेबलावर ठेवा. वायर यूएसबी २ चीच घ्या, ३ ची घेऊन काही साधत नाही. एवढ्याशा अंतरानेही फरक पडतो. डिस्कची वायर चिरलेली, सैल किंवा भलतीच स्वस्त असेल तर तीही बदला; तिच्यावरचं धातूचं वेष्टण नीट नसेल तर गोंगाट वाढतो.

खात्री करायची असेल तर डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि माऊस गोल फिरवत राहा. कॉपी चालू असतानाच वर्तुळ तुटत असेल आणि थांबताच नीट होत असेल, तर निदान पक्कं. यूएसबी हब आणि यूएसबी ३ चा पेनड्राइव्हसुद्धा हाच खेळ करतात. वायफायही याच पट्ट्यात असतं, पण त्याचा त्रास तुलनेने कमी. राउटरला ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क असेल तर लॅपटॉप त्यावर जोडा.

प्रश्न : मग सरळ ब्लूटूथचाच माऊस का घेऊ नये? (सांगली)

उत्तर : घ्या, बऱ्याच जणांना तोच सोयीचा पडतो. खाच अडत नाही, हरवायला डोंगलच नाही, आणि लॅपटॉपमधला ब्लूटूथचा अँटेना सहसा यूएसबी खाचांपासून लांब असतो. पट्टा मात्र तोच, २.४ गिगाहर्ट्झचा. गर्दी असलेली वाहिनी टाळून दुसरीवर जायची युक्ती ब्लूटूथकडे आहे, एवढंच.

उणिवाही ऐकून ठेवा. काही सेकंद हात काढला की माऊस झोपतो आणि परत हलवल्यावर क्षणभर ढिम्म राहतो. तो दोष नाही. लॅपटॉप सुरू होताना बायोसच्या (विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या) पडद्यावर, किंवा विंडोज नव्याने टाकताना, ब्लूटूथ माऊस बहुधा चालत नाही, डोंगलवाला चालतो. हल्लीचे बरेच छोटे माऊस ब्लूटूथ ४.० किंवा पुढच्या, कमी वीज खाणाऱ्या पद्धतीचे असतात, आणि विंडोज ७ ला ती पद्धत मुळात येत नाही. कार्यालयात जुनं यंत्र असेल तर आधी हे पाहा. दोन्ही सोयी असलेला माऊस मिळतो. फिरतीच्या माणसाने तो घ्यावा असं आमचं मत.

प्रश्न : सातारा-स्वारगेट गाडीत लॅपटॉप झोपवून बॅगेत ठेवतो. उतरल्यावर बॅग उघडली तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी निम्म्यावर. दर वेळी नाही, कधी कधी. माऊस त्याच बॅगेत असतो. याचा काही संबंध आहे का? (सातारा)

उत्तर : आहे, आणि 'कधी कधी' हाच त्याचा पुरावा.

झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. त्या अवस्थेतही यूएसबी खाचेला थोडी वीज मिळत राहते. माऊसचं चालू-बंदचं बटण चालूच राहिलेलं असतं, डोंगल खाचेत असतो. खंबाटकीत गाडी वळणावर गेली, बॅगेत माऊस सरकला किंवा त्याचं क्लिकचं बटण चार्जरच्या ठोकळ्याने दाबलं गेलं, की डोंगल लॅपटॉपला उठवतो. काही लॅपटॉप झाकण बंद असलं तरी उठतात. पंखा फिरतो, पण बॅगेत हवा कुठली? दोन तास ती ऊब तिथेच कोंडते. माऊस हलला नाही त्या दिवशी काहीच होत नाही.

पहिला उपाय बोटाचा : बॅगेत टाकण्यापूर्वी माऊसच्या पोटावरचं बटण बंद करा. ज्या माऊसचं बटण खोलगट खळीत असतं ते बॅगेत आपोआप सरकत नाही. वर आलेलं असेल तर सरकतं, आणि तेव्हा सेलचं झाकण उघडून सेल आणि पत्र्याच्या मध्ये कागदाची बारीक पट्टी सरकवून ठेवायची. दिसायला गावठी, पण पक्कं काम.

दुसरा उपाय कायमचा. स्टार्टच्या खुणेवर उजवं क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस' या ओळीखाली 'एचआयडी-कम्प्लायंट माऊस' दिसेल. त्यावर डबल क्लिक, मग 'पॉवर मॅनेजमेंट' हे पान, आणि तिथे 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कम्प्युटर' समोरची टिक काढा. ओळी दोन-तीन असल्या तर प्रत्येकीची काढा. काही डोंगल कीबोर्डही जोडून घेऊ शकतात. ते 'कीबोर्ड्स' खालीही दिसतात, तिथलीही टिक पाहा.

हे पानच नसेल (काही नव्या लॅपटॉपवर नसतं), तर झाकण मिटल्यावर झोपेऐवजी हायबरनेट लावा : कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ', आणि बॅटरीच्या रकान्यात 'हायबरनेट'. उघडताना थोडा जास्त वेळ जाईल, पण हायबरनेटमध्ये चालू काम डिस्कवर लिहून लॅपटॉप जवळपास बंदच होतो. दीड-दोन तासांच्या प्रवासाला आम्ही हेच सुचवू.

प्रश्न : पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम आहे. चाळकेवाडीच्या पठारावर टेबल कुठलं, जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवतो. माऊस तिथे चालतच नाही. महाबळेश्वरच्या लॉजवर काचेच्या टेबलावरही तेच. उन्हात पॉइंटरही दिसत नाही. (सातारा)

उत्तर : माऊसच्या पोटातला सेन्सर म्हणजे एक बारका कॅमेरा. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो घेतो आणि लागोपाठच्या दोन फोटोंमधले ठिपके, रेषा, खरबरीतपणा किती सरकला यावरून पॉइंटर हलवतो. स्वच्छ काचेत त्याला ठिपकाच सापडत नाही. चकाकत्या रंगाच्या बॉनेटवर प्रकाश आरशासारखा परततो, तिथेही आंधळा. काचेवर चालणारे सेन्सर आहेत. लॉजिटेकने २००९ साली डार्कफील्ड नावाने आणले, आणि काच निदान ४ मिलिमीटर जाड हवी असं कंपनी सांगते. पण ते महागड्या माऊसमध्ये सापडतात.

तुम्हाला त्याची गरज नाही. वर्तमानपत्राची चौपदरी घडी घाला, माऊस लगेच चालेल. साधा ए-४ कागद, जाड पुठ्ठा, जीनचं कापड, सगळं चालतं. चकचकीत छपाईचा कागद नको. या अंकाचं मुखपृष्ठ त्या कामाचं नाही, आतली पानं आहेत. पठारावरच्या वाऱ्यात कागद राहणार नाही, म्हणून मुलांचं परीक्षेचं क्लिपवालं पॅड बॅगेत ठेवा. त्याला कागद चिमटीत धरता येतो आणि बॉनेटच्या उतारावर खाली एक रुमाल टाकला की ते घसरत नाही.

पॉइंटर शोधण्यासाठी : सेटिंग्जमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी', तिथे 'माऊस पॉइंटर अँड टच', आणि आकार वाढवून रंग पिवळा किंवा हिरवा करा. शिवाय 'अॅडिशनल माऊस सेटिंग्ज'मधल्या 'पॉइंटर ऑप्शन्स' पानावर सर्वांत खाली, कंट्रोल दाबल्यावर पॉइंटरभोवती वर्तुळ दाखवण्याची टिक आहे. उन्हात ती फार उपयोगी पडते.

आणखी एक. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या धुक्यातून उबदार खोलीत आल्या आल्या माऊस वेडावाकडा चालला तर घाबरू नका. भिंगावर दव धरलेलं असतं. १५-२० मिनिटं पंख्याखाली उलटा ठेवा.

प्रश्न : एसटीत किंवा रेल्वेत माऊस वापरावा का? (कराड)

उत्तर : एसटीत नको. मांडीवर लॅपटॉप असताना डोंगलला शेजाऱ्याचा गुडघा लागतो आणि वाकते ती लॅपटॉपची खाच. तिची दुरुस्ती माऊसच्या किमतीच्या कितीतरी पट होते. रेल्वेत जमतं. वंदे भारतच्या खुर्चीपुढचा ट्रे लॅपटॉपनेच भरतो, माऊसला उरते पोस्टकार्डाएवढी जागा. म्हणून परीक्षेचं पॅड मांडीवर, माऊस त्यावर. एवढ्याशा जागेत फिरवायचा असेल तर पॉइंटरचा वेग वाढवा. पण धक्क्यांनी पॉइंटर थरथरत असेल तर उलट करा : माऊसवर डीपीआयचं (माऊस किती हलला की पॉइंटर किती सरकतो, ते ठरवणारं) बटण असल्यास ८०० वर आणा आणि 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'ची टिक काढा. ही सोय हाताच्या वेगाप्रमाणे पॉइंटर लांब फेकते, म्हणजे प्रत्येक धक्का मोठा करून दाखवते.

नियमित रेल्वेतच काम करणाऱ्यांनी ट्रॅकबॉलचा विचार करावा. त्यात माऊस जागेवर राहतो, अंगठ्याखालचा गोळा फिरतो. पृष्ठभागाचा प्रश्नच मिटतो. हात बसायला काही दिवस लागतात.

मिरजेच्या एका वाचकाने विचारलंय की माऊस वापरताना तळहात टचपॅडला लागून कर्सर भलतीकडे उडतो. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड. तिथे माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवण्याची टिक आहे, ती काढा.

प्रश्न : छोट्या माऊसमध्ये जाड पेन्सिल सेल बरा की बारीक? चार्जिंगचे सेल घातले तर दोन दिवसांत 'बॅटरी लो' येतं. (विटा)

उत्तर : जाड, म्हणजे डबल ए अल्कलाइन सेल साधारण २३ ग्रॅमचा, बारीक, म्हणजे ट्रिपल ए, त्याच्या निम्मा, ११-१२ ग्रॅम. जाड्यात वीज दुपटीहून जास्त. सतत प्रवास असेल तर आम्ही डबल ए चा माऊस घेऊ, कारण तो सेल कुठल्याही टपरीवजा दुकानात मिळतो आणि वर्षाचा घोर मिटतो. माऊस जड लागतो अशी तक्रार असेल तर एकदाच वापरायचा लिथियम सेल सुमारे १५ ग्रॅमचा येतो, महाग पडतो.

चार्जिंगच्या सेलचं कोडं सोपं आहे. साधा सेल १.५ व्होल्टचा, चार्जिंगचा १.२ चा. माऊस व्होल्ट पाहून अंदाज बांधतो, म्हणून त्याला भरलेला सेलही अर्धा वाटतो. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून वापरत राहा. पण खरोखरच दोन दिवसांत बंद पडत असेल, तर सेल जुना झालाय. नवे घेताना पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे, कमी गळतीचे सेल मागा. साधे चार्जिंगचे सेल नुसते बॅगेत पडून रिकामे होतात.

आत भरलेल्या बॅटरीचे, सी टाइप वायरने चार्ज होणारे माऊस सुटसुटीत असतात, पण घेताना चार्जिंगची खाच कुठे आहे ते बघा. पोटावर असेल तर चार्ज करताना माऊस उताणा पडून राहतो. खाच नाकाशी हवी.

प्रश्न : दोन महिन्यांनी माऊस काढला तर सेलवर पांढरं पीठ आणि स्प्रिंग हिरवी. फेकून द्यायचा का? (वाई)

उत्तर : लगेच नको. सेल कोणता होता ते आधी वाचा. 'अल्कलाइन' लिहिलेलं असेल तर गळालंय ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे क्षार. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा एखादा थेंब घेऊन स्प्रिंगवर टेकवा, किंचित फसफसेल, मग कोरड्या काडीने टिपा. घड्याळात घालतो तसला स्वस्त झिंक-कार्बन सेल असेल तर त्याची गळती आम्लधर्मी. तिथे लिंबू नको, खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट लावा. शेवटी दोन्ही बाबतीत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तासभर वाळवा. हातमोजे घाला, पीठ डोळ्याला लागू देऊ नका, पाणी ओतू नका. हिरवेपणा उरला तर बारीक पॉलिशपेपर काडीला गुंडाळून हलकेच घासा. स्प्रिंग तुटून हातात आली, तर मात्र संपलं.

सेल घालताना सपाट, म्हणजे उणे बाजू स्प्रिंगकडे. महिनाभर वापर नसेल तर सेल बाहेर. दोन सेलचा माऊस असेल तर एक जुना एक नवा घालू नका. जुना आधी रिकामा होतो, नवा त्याला उलटा रेटतो आणि तोच गळतो.

प्रश्न : डोंगल हरवला. माऊस चांगला आहे. दुसरा डोंगल चालेल का? (मिरज)

उत्तर : बहुतेक माऊसना नाही. माऊस आणि डोंगल यांची जोडी कारखान्यातच लावलेली असते. दिसायला हुबेहूब असलेला दुसरा डोंगल त्याला ओळखत नाही. अपवाद आहेत. लॉजिटेकच्या माऊसवर आणि डोंगलवर केशरी, फुलासारखी खूण असेल तर तो २००९ पासूनच्या युनिफाइंग पद्धतीचा. त्या खुणेचा कुठलाही डोंगल कंपनीच्या सॉफ्टवेअरने जोडता येतो आणि एकावर सहा उपकरणं बसतात. २०२१ पासून त्यांची विजेच्या खुणेची बोल्ट पद्धत आली. तिचा डोंगल युनिफाइंगला चालत नाही, आणि उलटही नाही. जुन्या बाजारात 'कसलाही लॉजिटेक चालतो' म्हणून गळ्यात मारतात, तेव्हा खूण पाहून घ्या.

माऊस ब्लूटूथवरही चालत असेल तर प्रश्नच नाही. पोटावर ब्लूटूथची खूण किंवा १-२-३ असे आकडे शोधा.

यापुढे डोंगल सेलच्या कप्प्यातल्या त्याच्या घरात ठेवा. माऊसला घर नसेल तर डोंगल फक्त टोपणाच्या डबीत, पाकिटात कधीच नको.

प्रश्न : शाळेच्या लॅपटॉपला जोडलेला ब्लूटूथ माऊस घरच्या लॅपटॉपला दिसतच नाही. (कोरेगाव)

उत्तर : तो अजून शाळेच्या लॅपटॉपलाच धरून आहे. पोटावरचं ब्लूटूथचं बटण साधारण ३ सेकंद दाबून ठेवा, दिवा भराभर लुकलुकायला हवा. संथ लुकलुकत असेल तर तो जुना मित्र शोधतोय, पुन्हा दाबा. मग घरच्या लॅपटॉपवर सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, 'अॅड डिव्हाइस', 'ब्लूटूथ'. यादीत नाव येऊनही जोडत नसेल, तर आधीची नोंद 'रिमूव्ह' करून पुन्हा सुरुवात करा. बऱ्याचदा तीच आडवी येते.

शाळेत परत गेल्यावर हेच पुन्हा करावं लागेल, कारण साधा माऊस एकालाच लक्षात ठेवतो. रोजची ये-जा असेल तर तीन जागा लक्षात ठेवणारा माऊस घ्या. एक नंबर शाळेला, दोन घराला, नुसतं बटण दाबून बदल.

जोडूनही मधूनच तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'ब्लूटूथ' खाली अॅडॉप्टरचं नाव शोधा (इंटेल, रिअलटेक वगैरे), त्याच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका.

प्रश्न : मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या नोंदी करतो. महिनाभरात पॉइंटर उड्या मारतो आणि चाक वर फिरवलं तर पान खाली जातं. (सांगली)

उत्तर : उलटा करून सेन्सरच्या भोकात टॉर्च मारा, पिवळा थर दिसेल. तिथे काडी खुपसायची नाही. कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळते ती रबरी फुंकणी दोन-चार वेळा दाबा. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे कण जातात आणि हळद चिकटून बसते. पोटावरच्या गुळगुळीत पट्ट्यांच्या कडेला भुकटीची मेण लावल्यासारखी रेघ साचते, ती दात कोरायच्या काडीने काढा. वरचं प्लास्टिक ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसा. नेलपॉलिश काढायचं द्रव लावाल तर प्लास्टिक विरघळेल.

चाकाचं दुखणं आत आहे. चाकाच्या आसाला एक बारीक फिरकी असते, तिचे पत्रे मोजणी करतात. त्यांवर धूळ बसली की मोजणी उलटसुलट होते. माऊस बंद करून चाकाच्या फटीत फुंकणी मारा आणि चाक दोन्ही दिशांना वीस-तीस वेळा जोरात फिरवा. पुष्कळदा एवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर उघडावा लागतो, आणि स्क्रू बहुधा त्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. पट्ट्या एकदा सोलल्या की नीट बसत नाहीत, म्हणून वॉरंटीत असेल तर उघडू नका. यार्डात माऊस झिपच्या छोट्या पिशवीत ठेवायची सवय लावा.

सेन्सर चालू आहे का याची खूण : काही माऊसचा लाल दिवा दिसतो, काहींचा अवरक्त असल्याने डोळ्याला दिसत नाही. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका दिसतो.

प्रश्न : छोटा माऊस घेतल्यापासून मनगट दुखतं. (सातारा)

उत्तर : छोटा माऊस बॅगेच्या सोयीसाठी छोटा असतो, त्यात हाताचा विचार कमीच. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. त्याच्या साधारण ६० टक्के लांबीचा माऊस हाताला बसतो असा ढोबळ हिशेब आहे. हात १८.५ सेंटिमीटर असेल तर माऊस ११ चा हवा, आणि प्रवासी माऊस बहुधा ९ ते १० चे. मग तळहात टेकत नाही, बोटांच्या चिमटीत माऊस धरला जातो आणि सगळी हालचाल मनगटातून होते.

दिवसाला तासभर वापर असेल तर चालून जातं. त्याहून जास्त असेल तर घरी आणि कार्यालयात मोठा माऊस ठेवा, छोटा फक्त बॅगेत. हात कोपरापासून हलवा. माऊस लॅपटॉपला चिकटून ठेवा, हात लांबवून नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्या येऊन बधिर होत असतील, रात्री झोप मोडत असेल, तर माऊस बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.

डावखुऱ्या वाचकांसाठी इथेच : दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा माऊस घ्या आणि सेटिंग्जच्या 'माऊस' पानावर 'प्रायमरी माऊस बटन' उजवं करा. बहुतेक छोटे माऊस सममितच असतात, तेवढा एक फायदा.

प्रश्न : कोल्हापूरहून विमानाने जाताना माऊस कुठे ठेवावा? (सांगली)

उत्तर : हातातल्या बॅगेत, बटण बंद करून. सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, जवळच ठेवायचे. पॉवर बँकेची मर्यादा १०० वॉट-तास. १०,००० एमएएच म्हणजे ३७, २०,००० म्हणजे ७४, तेव्हा नेहमीच्या पॉवर बँका बसतात. विमानात डोंगल, ब्लूटूथ लावण्याआधी कर्मचाऱ्यांना विचारा.

प्रश्न : वायरलेस माऊसवरून कुणी बँकेचा पासवर्ड चोरू शकतो का? (फलटण)

उत्तर : माऊसच्या हालचालीतून पासवर्ड कळत नाही, तो कीबोर्डवरून जातो. पण २०१६ साली बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की काही डोंगलना लांबून खोटी बटणं दाबल्याचे निरोप पाठवता येतात. त्याला माऊसजॅक म्हणतात. त्यानंतर काही कंपन्यांनी डोंगलच्या फर्मवेअरची, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरची, दुरुस्ती दिली. २०१६ च्या आधीचा डोंगल असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून तो अद्ययावत करा. दुरुस्तीच नसेल तर घरी वापरा, स्टेशनवर नको. आणि उठून जाताना विंडोजचं बटण व एल दाबून पडदा बंद करा.

प्रश्न : दुकानात माऊस घेताना काय बघायचं? हजाराच्या आत हवा. (तासगाव)

उत्तर : डबीवर आधी नजर टाका. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असायलाच हवा. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत ते बंधनकारक आहे. नुसतं मोठ्या कंपनीचं चित्र आणि पत्ता गायब, तर परत द्या.

मग माऊस हातात घ्या, सेलसकट. रिकामा माऊस सगळ्यांनाच हलका वाटतो. चाक अगदी सावकाश एकेक खटका फिरवा, खटके सारखे लागायला हवेत. डावं बटण मध्यभागी दाबून भागणार नाही, मागच्या टोकाशीही दाबा. छोट्या माऊसमध्ये तिथे बटण कडक असतं आणि आपलं बोट नेमकं तिथेच पडतं. कानाजवळ हलवून पाहा, आत खुळखुळ नको. सेलचं झाकण तीन-चार वेळा उघडा-मिटा. त्याचा चिमटा पातळ असेल तर पहिलं मोडणार ते तेच, आणि मग रबरबँड लावून माऊस वापरायची वेळ येते.

लॅपटॉपला नुसती सी टाइप खाच असेल तर डोंगलवाल्या माऊसला जोडणी-टोपण (अॅडॉप्टर) वेगळं घ्यावं लागेल, त्यापेक्षा ब्लूटूथ बरा. डीपीआयच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका, १६०० पुरे. आवाज न करणारी बटणं घ्या. रात्रीच्या रेल्वेत समोरच्या बर्थवरचा माणूस टकटक ऐकून बघायला लागत नाही. एका क्लिकला दोन क्लिक नोंदवले जायला लागले की समजा आतला स्विच झिजला. वॉरंटीत असेल तर बदलून मागा, त्यासाठी बिल आणि डबी जपून ठेवा.